सुईण, सेविका आणि आशा : स्त्री-आरोग्यातील नेतृत्व व त्याची मराठी नामे

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात कमंडलू नदीच्या काठी वसलेल्या रहिमतपूर या गावाचे नावच भाषाभ्यासकास क्षणभर थांबविणारे आहे. ‘रहमत’ म्हणजे दया, कृपा. हा शब्द मूळचा अरबी व फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. ‘पूर’ हा संस्कृताच्या घरचा. दोन भिन्न कुळांतील हे शब्द एकत्र नांदू लागले आणि कालांतराने त्यांतील सांधा बोलणाराच्या लक्षातही येईनासा झाला. अशीच जोडनावे या गावात व त्याच्या आसमंतात आणखी एका क्षेत्रात नित्य ऐकू येतात. ते क्षेत्र म्हणजे स्त्रियांची आरोग्यसेवा. ‘नर्सबाई’, ‘डॉक्टरीणबाई’, ‘आशाताई’ ही नावे कोणा कोशकाराने घडविलेली नाहीत. कचेरीने किंवा रुग्णालयाने एक शब्द गावात पाठवावा आणि गावाने त्याला आपल्या पदरचा एक शब्द जोडावा, अशा रीतीने ती सिद्ध झाली आहेत. पाठविलेला शब्द पद सांगतो. जोडलेला शब्द त्या पदावरील व्यक्तीला गावाने कोणत्या नात्याने स्वीकारले हे सांगतो.

स्त्री-आरोग्याच्या क्षेत्रात पुढे येणारे नेतृत्व कसे ओळखावे, हा प्रश्न अलीकडे वैद्यकीय संस्था, शासन व आंतरराष्ट्रीय संघटना वारंवार विचारतात आणि त्याचे उत्तर बहुधा पुरस्कारांच्या रूपाने देतात. पुरस्कार हे नेतृत्वाचे चिन्ह खरे. परंतु ते फार उशिरा उमटणारे चिन्ह होय. त्यापूर्वी कितीतरी वर्षे गावाच्या बोलण्यात काही बदल घडून गेलेला असतो. अमुक बाईला हाक कशी मारतात, तिच्याविषयी बोलताना कोणते क्रियापद वापरतात, जे इतरत्र उच्चारले जात नाही ते तिच्यापुढे कोणत्या शब्दांत सांगतात, या गोष्टींत ती मान्यता आधीच नोंदविली गेलेली असते. दुसऱ्या बाजूस कचेरीची भाषा आपल्या परीने नावे ठेवीत असते आणि त्या नावांवर वेतन, बढती व निवृत्तीनंतरची तरतूद अवलंबून असते. या दोन नामावळींमधील अंतर हा येथील विवेचनाचा विषय आहे.

या नामावळीतील सर्वांत जुना शब्द ‘सुईण’. प्रसवणे या अर्थाच्या ‘सू’ धातूच्या कुळात सूति, प्रसूति, सूतिका हे शब्द येतात व सुईण हा त्यांच्याच गोतातला. मोल्सवर्थच्या कोशात तो आहे आणि आजही देशावरच्या कोणत्याही वृद्ध स्त्रीस तो समजतो. परंतु येथे अर्थाची एक अदलाबदल झाली आहे ती लक्षात घेणे अगत्याचे आहे. संस्कृतात ‘सूतिका’ म्हणजे जी प्रसवली ती स्त्री. मराठीत ‘सुईण’ म्हणजे जी प्रसववेळी हाताशी असते ती. प्रसवलेलीसाठी मराठीने ‘बाळंतीण’ हा वेगळा शब्द योजिला. एकाच घटनेतील दोन स्त्रियांपैकी साहाय्य करणारीकडे धातूचा वारसा गेला आणि जिने वेणा सोसल्या तिची ओळख बाळावरून झाली. ‘दाई’ हा शब्द याहून निराळा. त्याच्या मुळाशी फारसी ‘दाया’ की संस्कृत ‘धात्री’, या वादात न शिरताही एवढे सांगता येते की, त्याचा मूळचा संबंध मुलाच्या संगोपनाशी आहे. प्रसूतीशी त्याची सांगड मराठीत घट्ट झाली ती मुख्यतः शासनाच्या ‘दाई प्रशिक्षणा’मुळे. सातारा-सांगलीकडच्या बोलीत घरोघर बाळंतपणे करणारी ती सुईणच.

व्याकरणदृष्ट्या ‘सुईण’ हा एक विलक्षण शब्द आहे. मराठीत ‘-ईण’ प्रत्यय लागून होणारी स्त्रीवाचक नामे बहुतांशी पुरुषाच्या नामावरून सिद्ध होतात: पाटील–पाटलीण, वाणी–वाणीण, कुंभार–कुंभारीण, परीट–परटीण. पाटलीण ही पाटीलकी करणारी नव्हे. ती पाटलाची बायको. कुंभारीण चाकाशेजारी बसून कष्ट उपसते, तरी नाव नवऱ्याच्या जातीधंद्यावरून. सुईण मात्र कोणाची बायको म्हणून सुईण होत नाही. तिच्या नावामागे पुल्लिंगी रूपच नाही. (शिवणकामाच्या सुईशी तिचा संबंध नाही, हे सांगण्याची वेळ आता विद्यार्थ्यांपुढे येते, इतका हा शब्द वापरातून चालला आहे.) विद्या, अनुभव व हातगुण यांवरून स्त्रीला स्वतंत्र व्यवसायनाम लाभल्याची जुन्या मराठीत जी थोडी उदाहरणे आहेत, त्यांत सुईणीचे स्थान वरचे म्हणावे लागेल.

तथापि या नावाचा मान घटकेपुरताच होता. वेणा सुरू झाल्यापासून नाळ कापेपर्यंत घरातील सासूसुद्धा सुइणीच्या आज्ञेत. पुढे सोयर सुरू झाले की तीच सुईण विटाळाच्या कामाची बाई ठरे. ठिकठिकाणी हे काम अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांकडे होते आणि मोबदला खण, लुगडे, धान्य या रूपाने मिळे. तिच्या ज्ञानाला मान्यता होती, पण ते ज्ञान धारण करणारीला नव्हती. नेतृत्वाची चर्चा करणारांनी या भेदाकडे दुर्लक्ष केले तर पुढचा सगळा इतिहास चुकीचा वाचला जाईल.

सुईण जेथे थांबते तेथे ‘डॉक्टरीण’ येते. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, ही गोष्ट सुईणीच्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्या पदावर काम करण्याचा योग आलाच नाही. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. सुईणीने आयुष्यभर कामे केली आणि तिचे नाव कोठेही नोंदले गेले नाही. आनंदीबाईंचे नाव घरोघर पोचले आणि काम करण्यास त्यांना आयुष्य उरले नाही. रखमाबाईंना मात्र दोन्ही साधले. पतीकडे नांदावयास जाण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांनी दिलेला न्यायालयीन लढा प्रसिद्धच आहे. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून आल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. पुढेमागे कोणाचेही नाव न जोडता ‘रखमाबाई’ एवढ्याच नावाने त्या ओळखल्या गेल्या.

‘डॉ. आनंदीबाई’ या लेखनात ‘डॉक्टर’ हे उपपद लिंगनिरपेक्ष राहिले आणि लिंगाची सूचना ‘बाई’ने केली. बोलण्यात मात्र तसे राहिले नाही. तेथे ‘-ईण’ प्रत्यय आला, आणि त्याबरोबर त्याची जुनी खोडही आली. ‘डॉक्टरीण’ म्हणजे स्वतः वैद्यक करणारी की डॉक्टरांची पत्नी? ‘मास्तरीण’ या शब्दाची जी अडचण तीच याची. बोलणारांनी या संदिग्धतेतून वाटा काढल्या. कोणी ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून आदर वाढविला, कोणी ‘लेडी डॉक्टर’ हा इंग्रजी शब्दच उचलला आणि गेल्या काही दशकांत ‘मॅडम’ने सगळ्यांना मागे सारले. ‘मॅडम’ कोणाची पत्नी नसते. परंतु ती गावातलीही नसते.

परिचारिकेच्या नामांचा इतिहास रहिमतपुरास अधिक जवळचा आहे. हे गाव पुणे–मिरज लोहमार्गावर आहे आणि या मार्गाच्या दोन्ही टोकांस स्त्रियांच्या रुग्णसेवेतील दोन भिन्न परंपरा उभ्या राहिल्या. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले आणि १८९७ पासून तेथे परिचारिकांचे शिक्षण होऊ लागले. पुण्यास रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सेवासदन निघाले; ससून रुग्णालयाच्या साहाय्याने तेथील विद्यार्थिनींना, त्यांत अनेक विधवांना, शुश्रूषेचे शिक्षण मिळाले. (रमाबाईंचे माहेर देवराष्ट्रे. ते तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले, आता सांगलीत मोडते.) मिशनच्या परंपरेत ‘सिस्टर’ हा शब्द होता, सेवासदनाच्या नावातच ‘सेवा’ होती. कोणता शब्द कोणत्या गाडीने आला हे ठरविणे शक्य नाही, पण दोन्ही प्रवाहांचे शब्द आजच्या बोलण्यात शेजारीशेजारी नांदताना दिसतात.

‘सेवा’ या शब्दावर येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढचा सारा गुंता त्यात आहे. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापिला. त्या नावातील ‘सेवक’ हे पदवीधर, बहुश्रुत, देशाचे पुढारीपण करणारे पुरुष होते आणि सेवक म्हणवून घेणे हा त्यांचा स्वेच्छेने केलेला त्याग होता. त्या पिढीत सेवक म्हणजे नेता. सेवासदनातील ‘सेवा’ याच अर्थच्छटेची. परंतु स्वतःला सेवक म्हणवून घेणे आणि दुसऱ्याने आपणास सेविका म्हणून नेमणे या दोन भिन्न क्रिया होत. स्वातंत्र्योत्तर काळात हा शब्द आस्थापनेच्या पत्रकात गेला, तेव्हा त्यातील त्यागाचा सुगंध तेवढा शिल्लक ठेवून निर्णयाधिकार काढून घेण्यात आला.

१९६० साली महाराष्ट्र राज्याबरोबर भाषा संचालनालय अस्तित्वात आले व त्याने शासकीय पदनामांचा कोश सिद्ध केला. परिचर्येच्या क्षेत्रातील रूढ मराठी पदनामे पाहिली असता त्यांची घडण उद्बोधक वाटते. रुग्णालयातील परिचारिका ‘अधिपरिचारिका’, कक्षाची प्रमुख ‘परिसेविका’, आणि सर्वांवरची, जिला बोलीत ‘मेट्रन’ म्हणतात, ती ‘अधिसेविका’. येथे बढती झाली की उपसर्ग बदलतो. धातू मात्र ‘सेव्’ किंवा ‘परि-चर्’ हाच. म्हणजे शेकडो परिचारिकांचे नियमन करणारी स्त्रीदेखील शब्दतः मोठी सेविकाच. वैद्यकाच्या बाजूस हे आढळत नाही. तेथे ‘अधिकारी’, ‘अधीक्षक’, ‘शल्यचिकित्सक’ अशी अधिकार किंवा कौशल्य सांगणारी नामे आहेत व स्त्री असली तरी ती पुल्लिंगी रूपातच चालतात.

गावपातळीवरील पदाची कथा याहून बोलकी आहे. स्वातंत्र्यानंतर ग्रामीण भागासाठी जी नवी प्रशिक्षित स्त्री नेमली जाऊ लागली तिला मराठीत ‘साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका’ असे नाव मिळाले. ‘प्रसाविका’ हा शब्द व्याकरणाच्या कसोटीस पूर्ण उतरतो: प्रसवावयास लावणारी, प्रसव घडवून आणणारी. म्हणजे सुईणच, पण संस्कृत वेषातली. गावाने तो कधीच तोंडी घेतला नाही. पुढे कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या शिफारशींनंतर ती बहुउद्देशीय कर्मचारी झाली व तिचे नाव ‘आरोग्य सेविका’ असे सुटसुटीत झाले. सुटसुटीतपणाच्या भरात प्रसूतीचे कौशल्य सांगणारा जो एकमेव घटक तिच्या नावात होता तोही गळाला. गावात ती त्याआधी नर्सबाई होती व त्यानंतरही नर्सबाईच राहिली. नाव बदलल्याचा पत्ता गावाला लागला नसावा.

दवाखान्याच्या आवारात नात्याच्या शब्दांची एक उतरंड आढळते. कक्षातील साफसफाई व उठबस करणारी ती ‘मावशी’, तिच्या जोडीचा पुरुष ‘मामा’. परिचारिका ती ‘सिस्टर’. डॉक्टर स्त्री ती ‘मॅडम’. वरवर पाहता मावशी हा शब्द सर्वांत मायेचा. परंतु पगाराच्या पायरीवर जी सर्वांत खाली तिलाच आईकडचे नाते मिळते, आणि जसजसे वर जावे तसतशी भाषा परकी होत जाते. ‘सिस्टर’ व ‘ताई’ यांचा शब्दार्थ जवळजवळ एकच. तरी कोणीही रुग्णालयातील परिचारिकेला सहसा ताई म्हणत नाही व अंगणवाडीच्या सेविकेला सिस्टर म्हणत नाही. शब्दाचा अर्थ नात्याचा, पण काम श्रेणी दाखविण्याचे, असा हा प्रकार आहे.

या पार्श्वभूमीवर ‘आशा’ हे नाव तपासावे. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले व त्यात सुमारे हजार लोकसंख्येमागे एक अशी गावातीलच स्त्री निवडण्याची योजना आली. तिच्या लांबलचक इंग्रजी पदनामाची आद्याक्षरे जुळवून ‘आशा’ हा शब्द साधला गेला. मराठीत त्या पदनामाचे रूपांतर ‘मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती’ असे होते. मान्यतेचा उल्लेख ज्याच्या प्रारंभीच आहे असे हे पदनाम होय, आणि तोच आद्याक्षरात लोपून गेला आहे. या योजनेच्या आधी, २००२ मध्ये, छत्तीसगढात अशाच कार्यकर्तीला ‘मितानिन’ हे नाव दिले गेले. तेथे विधिपूर्वक जोडलेल्या मैत्रीच्या नात्यास हा शब्द पूर्वापार होता. मितानिन समाजाच्या कोठारातून काढलेला शब्द आहे, तर आशा कचेरीत जुळविलेला.

आणि तरीही मराठीने या जुळविलेल्या शब्दाचे जे केले ते पाहण्यासारखे आहे. ‘आशा’ हे सामान्यनाम चालविताना ‘आशेचा किरण’, ‘आशेला जागा’ असे सामान्यरूप होते. परंतु कार्यकर्तीविषयी बोलताना लोक ‘आशाला बोलवा’, ‘आशाने सांगितले’ असेच म्हणतात. म्हणजे मराठीच्या व्याकरणाने हे पदनाम मानलेच नाही. ते विशेषनाम, एका बाईचे नाव मानले. त्याचा परिणाम असा की, घरी सुनंदा किंवा शोभा असलेली स्त्री गावात ‘आशाताई’ होते. तिचे स्वतःचे नाव मागे पडते. यात व्यक्तीचा लोप आहे असे कोणी म्हणेल व ते खोटे नाही. पण ‘ताई’ या दुसऱ्या घटकाकडे पाहिले असता चित्र पालटते.

आशाची निवड करताना ती त्या गावची रहिवासी व शक्यतो विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता असावी असा दंडक आहे. अविवाहित मुलगी लग्न होऊन गावाबाहेर जाईल हा त्यामागील विचार. अर्थातच बहुसंख्य आशा या त्या गावच्या लेकी नसून सुना असतात. मराठी गावात सुनेला मिळणारी संबोधने नवऱ्याच्या नात्याने ठरतात. ती कोणाची वहिनी, कोणाची काकू, कोणाची सूनबाई. नवऱ्याचा धागा काढला तर तिला हाक मारावयास गावापाशी शब्दच नाही. तीच स्त्री घरोघर फिरून गरोदर बायांची नोंद करू लागते, लसीकरणाच्या दिवशी पोरे गोळा करते, रात्री-अपरात्री कोणाबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात जाते आणि काही काळाने गाव तिला ‘ताई’ म्हणू लागते. ताई हे नाते नवऱ्यामार्फत येत नाही. ते माहेरचे, रक्ताचे नाते आहे. सासरच्या गावात माहेरचे संबोधन मिळणे ही मराठी नातेव्यवस्थेत लहानसहान घटना नव्हे. पाटलीण या शब्दापासून ‘आशाताई’ या शब्दापर्यंतचे अंतर मोजावयाचे तर या एका बदलात ते मोजता येते. पुढे येणारे नेतृत्व ओळखण्याचे भाषिक गमक शोधणाऱ्या अभ्यासकाने प्रथम हे विचारावे की, कोणत्या घरांनी वहिनी सोडून ताई म्हणण्यास आरंभ केला, कोणत्या घरांनी अद्याप केला नाही, आणि जी घरे म्हणत नाहीत त्यांची जात व भावकी कोणती. ‘-ताई’ हा प्रत्यय पदनामाबरोबर आपोआप चिकटतो असे मानून ही चौकशी टाळणे बरे नव्हे.

क्रियापदांकडे वळावे. मराठीत प्रसवणारी स्त्री ‘बाळंत होते’. येथे ती कर्ती नसून तिच्या बाबतीत काही घडते. ‘बाळंतपण करणे’ ही क्रिया मात्र दुसऱ्याची: ‘सुइणीने बाळंतपण केले’, किंवा लेक माहेरी आली असता ‘आईने बाळंतपण केले’. डॉक्टर ‘तपासतात’, ‘सिझर करतात’. नर्सबाई ‘सुई देते’. आशा काय करते? बोलण्यात सर्वाधिक ऐकू येणारे क्रियापद ‘नेणे’: आशाताईने तिला दवाखान्यात नेले. घरची बाळंतपणे आता अपवादभूत झाली आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्याचे नोंदले आहे. सुईणीचे ‘करणे’ संपले व आशाचे ‘नेणे’ सुरू झाले, असे या बदलाचे व्याकरणी वर्णन करता येईल. ‘नेणे’ आणि ‘नेता’ यांचा धातू एकच, ‘नी’. सभेत ज्याला नेता म्हणतात त्याने कोणास कोठे नेले याचा पत्ता अनेकदा लागत नाही. आशाच्या बाबतीत गाव, वेळ, वाहन व नेलेल्या बाईचे नाव वहीत लिहिलेले असते.

परंतु दवाखान्यात नेणे हे दृश्य काम. त्याआधीचे अदृश्य काम म्हणजे ऐकणे. स्त्रियांच्या आजारांविषयी मराठीत सरळ शब्द थोडे व आडवळणाचे फार. ‘अंगावरून जाणे’, ‘बाहेर बसणे’, ‘कावळा शिवणे’, ‘दिवस जाणे’ हे सगळे शब्दप्रयोग परक्यापासून लपविण्यासाठी आहेत, आणि डॉक्टरही बहुधा परकाच असतो. १९८९ साली डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांच्या पाहणीचा निबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. मधली दरी जशी दवाखान्यांच्या अभावाची तशीच शब्दांच्या अभावाचीही आहे. डॉ. बंग यांनी पुढे स्त्रियांचे हे बोलणे ग्रंथबद्ध केले व त्या ग्रंथाला ‘कानोसा’ हे नाव दिले. कानोसा घ्यावा लागतो तो मोठ्याने न बोललेल्या गोष्टीचा. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभारलेल्या कार्यात निरक्षर, बव्हंशी उपेक्षित जातींतील स्त्रियांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली गेली. त्या कार्याच्या यशाचे एक कारण असे की, ऐकणारी व सांगणारी यांची बोली एकच होती.

बोली एक असली म्हणजे सारे साधते असे मात्र नाही, हे ‘पिशवी’ या शब्दावरून कळते. गर्भाशयाला ग्रामीण मराठीत पिशवी म्हणतात. पिशवी ही वस्तू रिकामी होते, जुनी होते, टाकून देता येते. मुले झाल्यावर ‘पिशवीचे काय काम’ हा युक्तिवाद या रूपकातूनच उगवतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण भयावह असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. या अनर्थाची मुळे दारिद्र्यात, मुकादमाच्या उचलीत, एका दिवसाच्या खाड्यासाठी कापल्या जाणाऱ्या पैशात व काही डॉक्टरांच्या लोभात आहेत. शब्दाने तो घडविला असे म्हणणे अतिशयोक्त होईल. पण शब्दाने त्याला अडविलेही नाही. या स्त्रिया तोडणीच्या हंगामात सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातही येतात. त्यांच्या धंद्याच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. आशाची योजना गावातील रहिवाशांच्या मोजणीवर बांधलेली असल्याने, कोपीत राहणाऱ्या या बायांना वर्षातले पाच-सहा महिने हक्काने ताई म्हणावे असे कोणी नसते. नव्या नेतृत्वाची गरज आज कोठे सर्वाधिक आहे याचे उत्तर येथे मिळते: जेथे स्त्रीला स्वतःचे एकेरी नामही नाही तेथे.

आता कचेरीच्या भाषेकडे पुन्हा यावे. आशाला ‘आशा’ म्हटल्यावर पुढे कोणते नाम लावावे, याविषयी मराठीत आजही एकवाक्यता नाही. शासननिर्णयांत ‘आशा स्वयंसेविका’ असते, वृत्तपत्रांत ‘आशा सेविका’, मूळ पदनामाच्या भाषांतरात ‘कार्यकर्ती’, आणि संघटनांच्या पत्रकांत ‘आशा कर्मचारी’. हे चार शब्द समानार्थी समजून वापरले जातात. वस्तुतः ते चार दावे आहेत. स्वयंसेविका स्वखुशीने येते, म्हणून तिला वेतन मागता येत नाही. सेविका नेमलेली असते, पण तिने मागू नये अशी अपेक्षा असते. कार्यकर्तीला विचार व चळवळ असते. कर्मचाऱ्याला हक्क असतात. या खेळाला पूर्वेतिहास आहे. १९७७ मध्ये केंद्र शासनाने ‘सामुदायिक आरोग्य कर्मचारी’ नेमले. १९८० मध्ये त्यांचे नाव ‘स्वयंसेवक’ झाले व १९८१ मध्ये ‘आरोग्य मार्गदर्शक’. काम तेच राहिले, आणि ज्या शब्दामुळे नोकरीचा हक्क सांगता आला असता तो तेवढा गळाला.

‘मानधन’ हा या व्यवहारातील आणखी एक शब्द. वक्त्याला किंवा परीक्षकाला मिळणारे मानधन हे त्याच्या वेतनाव्यतिरिक्त असते. म्हणूनच त्यातील ‘मान’ खरा व ‘धन’ थोडे असले तरी चालते, हे विद्यापीठीय वाचकांस सांगावयास नको. आशाला व अंगणवाडी सेविकेला ते वेतनाऐवजी मिळते. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने या योजनांतील स्त्रियांना कर्मचारी म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू असल्याचा निर्णय देताना, त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच होय असे मानले. एका शब्दाची व्याख्या बदलताच हजारो स्त्रियांच्या म्हातारपणाची तरतूद बदलते, असे उदाहरण अर्थविचाराच्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही.

त्यानंतर महिनाभरातच, २२ मे २०२२ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सर्व आशांना आपला जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. ज्या स्त्रीला जिनिव्हात ‘नेता’ म्हटले गेले ती मुंबईच्या कागदपत्रात ‘स्वयंसेविका’ होती आणि तिच्या गावात ‘ताई’. तिच्या वरची जी पायरी, वीसएक आशांच्या कामावर देखरेख करणारी, तिचे पदनाम ‘गटप्रवर्तक’. येथे प्रथमच सेवेचा धातू सुटला आणि चालना देणारा ‘प्र-वृत्’ आला. आणि नेमके येथेच स्त्रीलिंगी ‘प्रवर्तिका’ हे रूप न वापरता पुल्लिंगी रूप योजले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये व पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या. कर्मचारी म्हणून मान्यता व मोबदल्यात वाढ या त्यांच्या मागण्या होत्या. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने आशांच्या मासिक मोबदल्यात पाच हजार रुपयांची वाढ केली. शासननिर्णयात पदनाम ‘स्वयंसेविका’ हेच राहिले.